जुन्या वाड्याचं वायरिंग बदलताना : नाशिकच्या घरातल्या कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

दिवाळी, तुळशीचं लग्न, सगळं उरकलं आणि काम सुरू केलं. घर जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या अंगाने गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या गल्लीत आहे. खाली ओटा, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागे परसू. वर माडी, तिच्यावर माळा. खांब-तुळया सागाच्या, भिंती पांढऱ्या मातीच्या आणि विटांच्या, त्यावर चुन्याचा गिलावा. न्हाणी आणि स्वयंपाकघराची फरशी मिस्त्री उखडणारच आहेत, सुतार जिना दुरुस्त करणार आहे. २०२७ च्या सिंहस्थात घरी पाहुण्यांची रीघ लागणार. या सगळ्याआधी वायरिंग व्हायला हवं. रंग झाल्यावर भिंतीला हात लावणं परवडत नाही.

आज काहीही उचकटलं नाही, नुसता नकाशा काढला. चौकटीच्या कागदावर प्रत्येक खोली, प्रत्येक दिवा, पंखा, प्लग. प्रत्येक पॉइंटला कागदी चिकटपट्टीवर नंबर घालून चिकटवला. मग एकेक फ्यूज काढून काय बंद पडतं ते लिहिलं. अख्खं घर दोन फ्यूजवर निघालं. त्यातही माजघराचा प्लग माडीच्या फ्यूजवर आणि माडीच्या खिडकीजवळचा दिवा खालच्या फ्यूजवर. हा कागद जपून ठेवा. पुढे दीड महिन्याने जो घोटाळा सापडला त्याचं मूळ याच कागदावर दिसत होतं.

काकूंशी बोलताना एक गोष्ट कळली. न्हाणीतल्या गीझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. "अगं, पाटावर उभं राहून नळ सोडला की काही होत नाही," त्या म्हणाल्या. न्हाणीत खरंच लाकडी पाट ठेवलेला आहे, पाण्याने काळा पडलेला. गीझर त्याच क्षणी बंद करायला लावला, प्लग काढून वायर गुंडाळून वर बांधून टाकली.

११ नोव्हेंबर

वायरमनभाऊंबरोबर मेन बोर्ड उघडला. लाकडी बोर्ड, त्यावर लोखंडी डब्याचा मेन स्विच, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. दोन गोष्टी मुद्दाम लिहून ठेवते.

पहिली : फ्यूज फेजलाही (करंट घेऊन येणारी जिवंत तार) आहे आणि न्यूट्रललाही (तो परत नेणारी तार). जुन्या घरांत हे सर्रास दिसतं. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवे-पंखे बंद होतात, माणसाला वाटतं लाइट गेली, पण फेज सगळ्या घरात तशीच जिवंत असते. अशा वेळी होल्डरमध्ये बोट गेलं तर संपलं.

दुसरी : फ्यूजमध्ये फ्यूज तारच नव्हती. तांब्याच्या वायरचे चार-पाच धागे पिळून घातले होते. वायर जळेल, तुळई पेटेल, हा फ्यूज काही उडणार नाही.

माडीवरच्या तीन बटणांवर फेजऐवजी न्यूट्रल तुटतंय हेही दिसलं. बटण बंद केलं, दिवा विझला, तरी होल्डरला टेस्टर लावला तर पेटतो. दिवा बदलताना नुसतं बटण बंद करून चालत नाही ते यासाठी.

आणि टेस्टरबद्दल : निऑनचा टेस्टर मेलेल्या वायरलाही कधी कधी मिणमिणतो, कारण शेजारच्या जिवंत वायरमुळे तिच्यात थोडा विजेचा दाब येतो. उलट कोरड्या लाकडी माडीवर रबरी चपला घालून उभं राहिलं तर जिवंत वायरलाही तो नीट पेटत नाही. भाऊ प्रत्येक ठिकाणी होल्डरला लावलेल्या बल्बने, म्हणजे टेस्ट लॅम्पने, खात्री करतात. मेन बंद केल्यावरही मीटरपासून मेन स्विचपर्यंतची वायर जिवंतच राहते, तिथे हात घालायचा नाही.

१५ नोव्हेंबर

माडीवरची जुनी पट्टी उतरवायला घेतली. सागाची बॅटन पट्टी, त्यावर पत्र्याच्या क्लिपांनी धरलेली वायर. वरून रबर आणि कापडाचं आवरण. जागेवर आहे तोवर धडधाकट दिसते. वाकवली की रबराचे तुकडे हातात येतात आणि आतली तार उघडी. आवरण बोटांत चुरलं तर बिस्किटाच्या चुऱ्यासारखं गळतं.

आतली तार पांढरी दिसते म्हणून तिला ॲल्युमिनियम समजू नका. सुरीने खरवडली की खालून तांबडं निघतं. रबरातल्या गंधकाने तांबं खराब होऊ नये म्हणून त्या काळी तारेला कथिलाचा मुलामा देत. भंगारवाल्याने आधी ॲल्युमिनियमचाच भाव सांगितला होता. खरवडून दाखवल्यावर तांब्याचा दिला. आवरण जाळून तार काढू नका, धूर विषारी असतो. तशीच विकावी.

खालच्या मजल्यावरची वायर वेगळी, नंतर कधीतरी टाकलेली, प्लास्टिक आवरणाची. ती मात्र खरोखर ॲल्युमिनियमची.

१६ नोव्हेंबर

आजची नोंद या सगळ्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

माजघराच्या तुळईवर, छताच्या फळीच्या आड, तांब्याची जुनी वायर आणि ॲल्युमिनियमची नवी वायर पिळून जोडलेली सापडली. वर काळी टेप. टेप सुकून कडक झाली होती, नखाने टोचली तर पापुद्रा निघाला. आत ॲल्युमिनियमच्या तारेवर पांढरी पूड आणि पिळाची एक बाजू वितळून गोळा झालेली. त्याच्या मागे तुळईवर तळहाताएवढा काळा डाग. भाऊंनी पटाशीने खरवडलं, लाकूड चांगलं दोन सूत आत कोळसा झालं होतं.

हे दोन धातू नुसते पिळले की हवेतल्या ओलाव्याने सांध्यावर गंज धरतो, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त पसरतं, थंड झाल्यावर आकसतं. दर वेळी सांधा जरा सैल होतो, सैल झाला की जास्त तापतो. काकू याच तुळईखाली झोपतात. माजघराचा प्लग इथूनच गेला होता आणि त्यावर हिवाळ्यात हीटर लावला जायचा.

वायर जुनी झाली की धोका, असं सगळे म्हणतात. मला इथे उलट दिसलं. कापडी वायरचं माडीवरचं काम जिथे कोणी हात लावला नव्हता तिथे शाबूत होतं. जिथे पुढे कोणी जोड मारला तिथेच जळलं होतं. म्हणून आज दोन नियम ठरवले. एक, जुन्या वायरला नवी वायर कुठेही जोडायची नाही, एक पॉइंटही जुना ठेवायचा नाही. दोन, नव्या कामात जोड फक्त बोर्डात किंवा उघडता येणाऱ्या डब्यात, स्क्रूच्या कनेक्टरने. पाइपात जोड नाही, लाकडाच्या पोकळीत तर मुळीच नाही.

१८ नोव्हेंबर

काम चालेल तितके दिवस घरात लाइट लागणारच. म्हणून आरसीसीबी (गेलेला आणि परतलेला करंट सारखा नसला, म्हणजे कुठे गळाला, की लाइट तोडणारा स्विच) आधीच विकत आणला आणि त्याच्यामागे एक तात्पुरती लाइन काढली : फ्रिज, दोन दिवे, एक पंखा, ड्रिलचा प्लग. बाकी घर पूर्ण मेलेलं. हे सुरुवातीलाच करा. उघड्यावर वायरी लोंबत असतात, मिस्त्रीचं पाणी सांडलेलं असतं, शॉक बसण्याची खरी भीती याच दिवसांत असते.

२२ नोव्हेंबर

भिंतीत पाइप गाडायचे असा मूळ बेत होता. कटरने दोन समांतर काप घेऊन मधली झिरी फोडायला सुरुवात केली. गिलावा दोन इंचांत संपला आणि आत पांढरी माती. कटरच्या थरथरीने माती भुरभुर सुटायला लागली. हातभर झिरीसाठी खालून ताटाएवढा गिलावा पोकळ होऊन आला.

"ताई, ही भिंत धरणार नाही. झिरी मारली तर भिंतच परत बांधावी लागेल," भाऊ म्हणाले. तिथेच थांबलो. तेवढा तुकडा चुन्याने परत भरायला मिस्त्रीचा एक दिवस गेला. सिमेंटने भरू दिला नाही. मातीच्या भिंतीला सिमेंटचं ठिगळ लागत नाही, आतली ओल अडकते आणि पहिल्या पावसाळ्यात सुटून येतं.

मग सगळं काम उघड्यावर करायचं ठरलं. पाइप तुळयांच्या बाजूने आणि खांबांच्या मागच्या कडेने न्यायचे. लाकडात स्क्रू घट्ट बसतो, सॅडल (पाइप धरणारी पट्टी) हलत नाही. भिंतीवर जिथे बोर्ड लागेल तिथे प्लास्टिकची गिट्टी मातीत गरगर फिरते. त्यावर सुताराने उपाय सांगितला : सागाची फळी दोन्ही टोकांना खांबाला किंवा चौकटीला धरायची आणि बोर्ड त्या फळीवर. आता प्रत्येक बोर्डामागे फळी आहे आणि दिसायलाही वाड्याला शोभते.

तुळईला आरपार भोक कुठेही पाडलेलं नाही. सुताराची सक्त ताकीद होती, तुळईच्या मध्यावर आणि खालच्या कडेला तर नखही लावायचं नाही. पाइप तिला वळसा घालून गेले. बेंड आणि वायर जास्त लागली, ते मान्य.

२५ नोव्हेंबर

सामान आणलं. मेनरोडला आणि एम. जी. रोडला, दोन्हीकडे भाव विचारले. यादी घेऊन गेलं की ठोक भाव मिळतो. तांब्याचे भाव चढे असल्याने वायरनेच खिसा कापला.

दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, प्लगला २.५, गीझर आणि पुढे कधी एसी लागला तर त्याला ४, मीटरपासून डीबीपर्यंत (सगळ्या सर्किटांचे स्विच असलेला डबा) १०. सगळी तांब्याची, आयएस ६९४ (वायरचं भारतीय मानक) चा शिक्का पाहून. फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी. रंगात तडजोड करू नका. दुकानात काळी वायर संपली म्हणून निळी घेऊन भागवावं असं सुचवलं गेलं; नको म्हटलं, दुसऱ्या दिवशी काळी आणली. दहा वर्षांनी दुसरा कोणी वायरमन बोर्ड उघडेल तेव्हा त्याला मी समजावून सांगायला असेनच असं नाही.

पाइप २५ मिलिमीटरचे, जाड, आग न धरणारे. माळ्यावर उंदीर आहेत. तिथली जुनी वायर दोन ठिकाणी कुरतडलेली होती. केसिंग पट्टी स्वस्त पडते, पण माळ्यावर उंदीर तिच्या कडा खातो. केसिंग पट्टी फक्त ओसरीत, तीही थोडी.

६ डिसेंबर

अर्थिंग.

जुनं अर्थिंग, म्हणजे उपकरणाच्या बॉडीवर आलेला करंट जमिनीत सोडणारी जोडणी, होतं कुठे, हे शोधताना एक तांब्याची तार न्हाणीकडे गेलेली दिसली. तिचा शेवट नळाच्या लोखंडी पाइपाला पट्टीने आवळलेला. पूर्वी अशी पद्धत होती, पाण्याचा लोखंडी पाइप जमिनीत लांबवर जायचा आणि त्याचंच अर्थिंग व्हायचं. पण मधल्या काळात गल्लीतली जोडणी बदलली आणि ओट्यापासून आत प्लास्टिकचा पाइप आला. लोखंडाचा फक्त न्हाणीतला तुकडा शिल्लक. म्हणजे ती तार आता जमिनीला नाही, काकूंच्या नळाला जोडलेली होती. घरात कुठल्याही उपकरणात फेज बॉडीला लागली की ती थेट नळावर येणार. झिणझिण्यांचं अर्धं कारण इथे सापडलं. तार तिथल्या तिथे तोडली.

तुमच्या घरीही अर्थची तार नळाला असेल तर आधी पाहा की तो पाइप पुढे कशाचा आहे.

परसात खड्डा घेतला. वर काळी माती, मग मुरूम, आणि पाच फुटांवर पहार खणखणली. काळा पाषाण. अडीच मीटरचा जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) उभा जाणार कसा? आमच्या गल्लीत बोअरची गाडी शिरत नाही. पाइप जाईल तितका घालून, भोवती कोळसा-मीठ न भरता बेंटोनाइटची (ओल धरून ठेवणारी माती) तयार पूड भरली. मीठ पाइप खातं आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातं.

दोन दिवस पाणी घालून लायसनवाल्या ठेकेदारांकडच्या अर्थ टेस्टरने मोजलं : ११ ओहम. हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं.

१३ डिसेंबर

११ ओहम चालेल असं एक-दोघांनी सांगितलं. मी हिशोब मांडला. २३० व्होल्ट भागिले ११ म्हणजे साधारण २१ अँपिअर. गीझरच्या बॉडीला फेज पूर्ण चिकटली तरी जमिनीत २१ अँपिअरच जाणार. १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, फ्यूजच्या जागी) एवढ्यावर तासभरसुद्धा धरून राहू शकतो, आणि तोवर गीझरची बॉडी जिवंत. सी प्रकारचा १६ चा एमसीबी तडकाफडकी पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे अर्थिंग ५ ओहमवर आणलं तरी त्याच्या भरवशावर एमसीबी लगेच पडेल असं धरून चालता येत नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. ३० मिलिअँपिअर जमिनीकडे गळले की तो पडतो, त्याला ११ ओहमही पुष्कळ झाले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत २ किलोवॅट आणि त्यापुढच्या घरगुती जोडणीला ३० मिलिअँपिअरचं संरक्षण लागतंच.

तरी दुसरा खड्डा घेतला. परसाच्या दुसऱ्या टोकाला जुना आड बुजवलेला आहे, तिथली भर मऊ. पाइप पूर्ण अडीच मीटर सरळ उतरला. दोन्ही पाइप जीआय पट्टीने जोडले आणि पुन्हा मोजलं : ४.६. बरं वाटलं. पण हा आकडा डिसेंबरातला आहे, जमिनीत पावसाळ्याची ओल आहे. खरा आकडा मे महिन्यातला.

१४ डिसेंबर

बोर्ड किती उंचीवर लावायचे यावर घरात बरीच चर्चा झाली. आमच्या भागात हा प्रश्न उंचीचा नाही, पुराचा आहे. मोठा पाऊस झाला की दहीपूल, सराफ बाजाराकडे पाणी साचतं, आणि धरणातून विसर्ग वाढला की गंगा वर चढते. सगळं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पुराचा अंदाज घेतं. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा या बाजूने पाणी पाहिलं. आमच्या ओसरीच्या खांबावर २०१९ ची रेघ अजून आहे, गाळाचा पिवळट पट्टा. माझ्या कमरेच्या थोडा खाली येतो.

म्हणून खालच्या मजल्यावर एकही प्लग छातीच्या खाली नाही. फ्रिजची वायर वरून खाली येते, थोडी लोंबते, काकूंना ते आवडलेलं नाही. सगळे पाइप छताकडून उतरतात, जमिनीकडून एकही वर चढत नाही, त्यामुळे पाणी पाइपात शिरून वर बोर्डापर्यंत जाण्याचा प्रश्न नाही. डीबी माडीच्या जिन्याच्या तोंडाशी. खालचा मजला आणि वरचा मजला, दोघांना वेगवेगळे आरसीसीबी. रात्री पाणी वाढायला लागलं तर वर चढायचं, खालच्या मजल्याची लाइट पूर्ण बंद करायची, वर दिवा-पंखा चालू.

मीटर मात्र ओसरीतच आहे, फक्त उंचावर. तो हलवणं महावितरणचं काम, त्याच्या सीलला घरच्या वायरमनने हात लावायचा नाही.

२१ डिसेंबर

वायर ओढून झाली. बटणं, प्लग बसवण्याआधी मेगर केलं, म्हणजे वायरच्या आवरणातून गळती आहे का ते मोजलं : ५०० व्होल्टवर प्रत्येक सर्किट, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. किमान १ मेगाओहम लागतो. नव्या कोरड्या वायरला त्याहून कितीतरी जास्त यायला हवा. एक सोडून सगळे शंभराच्या वर. स्वयंपाकघराचं सर्किट शून्याजवळ. तपासलं तर एका सॅडलचा स्क्रू लांबीला जास्त, पाइप भेदून हिरव्या आणि काळ्या वायरमध्ये बसलेला. न्यूट्रल-अर्थ मोजलं नसतं तर हे या टप्प्यावर कळलंच नसतं. त्या टप्प्यातली वायर पूर्ण काढून नवी ओढली.

मेगर करताना एलईडी दिवे, पंख्यांचे रेग्युलेटर, काहीही जोडलेलं नको. ५०० व्होल्टने ते जातात.

२७ डिसेंबर

पूर्ण घराला लाइट दिली आणि संध्याकाळी अडचण सुरू झाली. जिन्याचा दिवा लावला की दोन्ही आरसीसीबी एकदम पडतात. बाकी काहीही लावलं तर पडत नाहीत.

भाऊंना आधी वाटलं दिवा खराब. दिवा बदलला. मग वाटलं होल्डरला ओल. होल्डर बदलला. एमसीबी एकेक पाडून पाहिले, त्यानेही उलगडा होईना, कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल बारवर जोडलेलंच राहतं. रात्री साडेनऊपर्यंत हेच.

मग डीबीतल्या न्यूट्रल वायरी बारमधून एकेक सुट्ट्या केल्या. नोव्हेंबरातला नकाशा काढला, आणि दिसलं. जिन्याचा दिवा टू-वे, एक बटण खाली, एक वर. जुन्या कामात फेज खालच्या मजल्यावरून आली होती आणि न्यूट्रल जवळ पडतं म्हणून माडीच्या दिव्यातून घेतलं होतं. नव्या कामातही जुन्याच वाटेने वायर ओढली गेली, तर तीच उधारी नव्यातही आली. करंट खालच्या आरसीसीबीतून जातो आणि वरच्यातून परततो. दोघांनाही वाटतं की गळती आहे. दिवा ९ वॅटचा, म्हणजे जेमतेम ४० मिलिअँपिअर, पण ३० च्या आरसीसीबीला तेवढं पुरे.

खालच्या सर्किटचं स्वतंत्र न्यूट्रल जिन्याच्या दिव्यापर्यंत नेलं, वरचं तोडलं. लगेच शांत.

फ्यूजच्या काळात हे उसनं न्यूट्रल कुणाला त्रास देत नव्हतं, म्हणून जुन्या घरात ते कुठेही असू शकतं. आरसीसीबी पडतो म्हणून तो काढून टाकतात, किंवा बायपास करतात, हे मी आमच्याच गल्लीत पाहिलं आहे. तसं करू नका. तो पडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय. शोधायला एक संध्याकाळ जाईल, जाऊ द्या.

३ जानेवारी २०२६

खालचा आरसीसीबी आता फक्त सकाळीच पडतो. गीझर परत लावल्यापासून. लावल्या लावल्या नाही, सातेक मिनिटांनी, पाणी तापत आलं की. थंड गीझरला मेगर लावलं तर आकडा बरा. पाणी तापवून, प्लग काढून, लगेच लावलं तर आकडा कोसळलेला. हीटरच्या कॉइलच्या नळीला बारीक चीर होती, तापली की उघडत असणार. कॉइल बदलली, साधारण साडेसातशे रुपये.

म्हणजे झिणझिण्यांचं उरलेलं अर्धं कारण हे होतं. गीझर गळत होता, अर्थ जमिनीला नव्हता आणि नळाला होता. काकूंना दोन्ही गोष्टी नकाशावर बोट ठेवून दाखवल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं आमचे हे स्नानाला जायचे ते?" मला उत्तर देता आलं नाही.

१० जानेवारी

खर्च, ढोबळ आकड्यांत, ज्याला अंदाज हवा त्याच्यासाठी : तांब्याची वायर ३१ हजार, पाइप, बेंड, डबे, सॅडल ९ हजार, बटणं-प्लग-प्लेट १५ हजार, डीबी, एमसीबी, दोन आरसीसीबी आणि आयसोलेटर मिळून १० हजार, अर्थिंगचे दोन्ही खड्डे मजुरीसकट १३ हजार, वायरमनची मजुरी ४० हजार, सागाच्या फळ्या आणि सुतार ८ हजार, चुन्याची दुरुस्ती ३ हजार. भंगारातून साडेचार हजार परत आले.

पैसे कमी पडत असतील तर बटणं साधी घ्या. चकचकीत प्लेटवर दोन हजार वाचवून आरसीसीबी एकाऐवजी दोन घ्या, अर्थिंगचा दुसरा खड्डा घ्या. आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा बटणं कोणत्या कंपनीची हे विचारतो. अर्थिंग किती आलं हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

वेळ सर्वांत जास्त गेला तो फसलेल्या झिरीत, दुसऱ्या खड्ड्यात आणि उसन्या न्यूट्रलमध्ये. वायर ओढायला त्यामानाने काहीच लागलं नाही.

१९ जानेवारी

संक्रांत झाली. लायसनवाल्या ठेकेदारांनी येऊन सगळं पुन्हा तपासलं आणि टेस्ट रिपोर्ट दिला. महावितरणकडे मंजूर भार वाढवायचा अर्ज ऑनलाइन भरला, रिपोर्ट जोडला. आधीचा भार एका किलोवॅटचा होता, आता पाच मागितला आहे. काम ओळखीच्या वायरमनकडून करून घेतलं तरी लायसनवाल्याची तपासणी आणि सही लागतेच. असा ठेकेदार काम संपल्यावर शोधू नका, सुरुवातीलाच बोलून ठेवा. आमच्या ठेकेदारांनी अर्थिंगचे खड्डे बुजवण्याआधी पाहिले, म्हणून पुढे प्रश्न आला नाही.

डीबीच्या दाराला आतून कागद चिकटवला आहे : कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, पूर आला तर कोणता पाडायचा, अर्थिंगचे खड्डे परसात कुठे. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याच्या एक तारखेला दाबायचं ठरलं, ते काम काकूंनी स्वतःकडे घेतलं. एवढंच ध्यानात असू द्या की त्या बटणाने आरसीसीबी पडतो की नाही तेवढं कळतं, अर्थिंग ठीक आहे का ते कळत नाही. ते टेस्टरनेच मोजावं लागतं.

बाकी राहिलेलं : माळ्यावरचा एक दिवा, आणि ओट्यावरच्या दिव्याला पाऊस न शिरणारा डबा. दोन्ही होळीच्या आधी. मे महिन्यात अर्थिंग परत मोजणार. ५ च्या वर गेलं तर आडाजवळ तिसरा पाइप घालायला जागा सोडून ठेवली आहे.